धूमकेतू दिसला, पण तारीख कुठे आहे?

धूमकेतूंवरच्या मराठी लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. पूर्वीची माणसे अडाणी होती. आकाशात शेंडेनक्षत्र उगवले की राजा जाणार, दुष्काळ पडणार, साथ येणार म्हणून धास्तावत. मग न्यूटन आणि हॅली आले, धूमकेतूही नियमाने फिरतात हे कळले, पुढे तो बर्फ आणि धुळीचा गोळा असल्याचेही कळले, भीती मावळली आणि आज आपण निर्धास्त मनाने त्याचे फोटो काढतो. ही गोष्ट इतकी सोयीची आहे की ती तपासावी असे कुणाला वाटत नाही. मला ती उथळ वाटते, आणि तिच्यामुळे आजचे नुकसानही होते आहे.

माझे म्हणणे असे आहे. धूमकेतूच्या बाबतीत अडाणीपण आणि ज्ञान यांची हद्द तारखेने ठरते. भीती असणे-नसणे हा दुय्यम मुद्दा आहे. ज्याने भीत भीत का होईना, कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणत्या नक्षत्रात, किती लांब शेपटीचा धूमकेतू दिसला हे लिहून ठेवले, त्याचे काम दोन हजार वर्षांनंतरही गणिताला उपयोगी पडले. ज्याने निर्भयपणे पाहिले आणि विसरून गेला, त्याच्या पाहण्यातून पुढच्या पिढीला काही मिळाले नाही. या कसोटीवर आपण पूर्वी कमी पडलो आणि आजही कमी पडतो आहोत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा इतिहास आणि तिथले आकाश समोर ठेवून मी हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. सभासदाचा धूमकेतू आणि न्यूटनचा धूमकेतू

छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. त्यानंतर सुमारे दीड दशकाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आश्रयात कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. त्या दिवशीचे उत्पात सांगताना तो भूकंप, उल्कापात, रात्री निघालेली जोड इंद्रधनुष्ये आणि शंभुमहादेवाच्या तळ्याचे लाल झालेले पाणी यांच्याबरोबर आकाशात धूमकेतू उगवल्याचेही लिहितो.

त्या वर्षी एक महान धूमकेतू आला होता हे खरे आहे. पण तो जर्मनीत गॉटफ्रीड किर्खला दुर्बिणीतून प्रथम दिसला १४ नोव्हेंबर १६८० रोजी, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात महिन्यांनी. १८ डिसेंबरला तो सूर्याच्या केंद्रापासून जेमतेम सव्वानऊ लाख किलोमीटरवरून वळसा घालून गेला आणि त्यानंतर त्याची लांबलचक शेपटी संध्याकाळच्या आकाशात जगभर दिसली. सभासदाचे वाक्य दोन प्रकारे समजून घेता येते. एक तर लोकांच्या स्मरणात राहिलेला डिसेंबरचा धूमकेतू आठवणीतल्या आठवणीत मागे सरकून चैत्री पौर्णिमेला जाऊन चिकटला. किंवा सभासदाने कोणताच विशिष्ट धूमकेतू मनात धरला नव्हता; महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धापूर्वी पुष्य नक्षत्रात धूमकेतू आल्याचे वर्णन आहे, त्या उत्पातवर्णनाच्या रूढीला धरून त्याने लिहिले. रात्रीची जोड इंद्रधनुष्ये पाहता मला दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. कोणताही अर्थ घेतला तरी हाती येते ते एकच: प्रत्यक्ष आकाशाची नोंद त्या वाक्यात उरलेली नाही. यात सभासदाला दोष देण्याचे कारण नाही. त्याला एका युगपुरुषाच्या जाण्याचे मोल सांगायचे होते आणि ते त्याने सांगितले.

आता याच धूमकेतूची दुसरी कथा पाहा. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त धूमकेतूची कक्षा गणिताने कशी काढायची हे दाखवले ते याच १६८० च्या धूमकेतूवर. त्यासाठी त्याने ग्रिनिचच्या फ्लॅमस्टीडचे वेध घेतलेच, पण इतर ठिकाणच्या नोंदीही गोळा केल्या. त्यांत अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये पॅटक्संट नदीकाठी राहणाऱ्या आर्थर स्टोरर नावाच्या वसाहतवाल्याच्या नोंदी आहेत. तो वेधशाळेत नोकरीला नव्हता. त्याने दिवस लिहिला आणि धूमकेतू कोणत्या ताऱ्याजवळ होता ते लिहिले. तेवढ्यावर त्याचे नाव त्या ग्रंथात गेले.

तो धूमकेतू भीमा-गोदावरीच्या खोऱ्यातून मेरीलँडइतकाच स्पष्ट दिसला असणार. डिसेंबर-जानेवारीचे दख्खनचे आकाश तर तिथल्यापेक्षा निरभ्र असते. पाहणारे डोळेही इथे होते. स्टोररच्या जंगलातल्या घरापेक्षा आपल्याकडे कमी असलेली गोष्ट एकच, पाहिलेले लगेच लिहून दुसऱ्याकडे पाठवण्याची रीत.

२. भीती नोंदीच्या आड येत नाही

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ही रीत निर्माण झाली नाही कारण समाज अंधश्रद्ध होता. इतिहास याच्या उलट सांगतो.

धूमकेतूंना सर्वांत जास्त भ्यायले ते चिनी सम्राट. आकाशातला प्रत्येक पाहुणा हा आपल्या राज्यकारभारावरचा शेरा आहे या समजुतीपोटी त्यांनी दरबारी ज्योतिषी रात्रभर पहाऱ्यावर बसवले, आणि त्या ज्योतिष्यांनी तारीख-नक्षत्रासह सगळे टिपून ठेवले. म्हणून हॅलीचा धूमकेतू इ.स.पू. २४० पासून जवळजवळ प्रत्येक फेरीला चिनी नोंदींत सापडतो. इ.स.पू. १६४ ची फेरी तिथे नाही, ती बाबिलोनच्या मातीच्या फलकांवर आहे. आणि बाबिलोनचे लोकही शकुनासाठीच आकाश पाहत. इ.स. ८३७ च्या एप्रिलमध्ये हॅली पृथ्वीपासून सुमारे ५० लाख किलोमीटरवरून गेला. ज्ञात इतिहासातली ही त्याची सर्वांत जवळची भेट. त्या वेळच्या चिनी वेधांचा आधार घेऊन योमन्स आणि कियांग या अभ्यासकांनी १९८१ मध्ये त्याची कक्षा इ.स.पू. १४०४ पर्यंत मागे नेली. ८३७ मध्ये महाराष्ट्रावर राष्ट्रकूट अमोघवर्षाचे राज्य होते. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्या घराण्याच्या राज्यावरून तो धूमकेतू गेला, पण ते गणित चीनच्या नोंदींवर उभे आहे.

आपल्या जवळचे उदाहरण १६१८ चे आहे. त्या साली लागोपाठ धूमकेतू दिसले तेव्हा निजामशाहीचा कारभार मलिक अंबर पाहत होता आणि जहांगीर गुजरातेकडून आग्र्याला परतत होता. जहांगीरचा शकुनांवर पूर्ण विश्वास होता. त्याच्या काळच्या इतिहासकाराने पुढच्या साथीचा ठपकाही या धूमकेतूवरच ठेवला. तरीही जहांगीरच्या आत्मवृत्तात नोंद आहे ती अशी: सूर्योदयापूर्वी काही घटका प्रकाशाचा खांब दिसू लागला, रोज तो आधी उगवू लागला, ज्योतिष्यांनी यंत्राने त्याचा विस्तार मोजला तो २४ अंश भरला, आणि सोळा रात्रींनंतर त्याच दिशेला शेपटीचा तारा दिसला. हे वर्णन भ्यालेल्या माणसाचे आहे आणि ते उपयोगी आहे. त्याच महिन्यात गोव्यात किरविट्झर हा जेझुइट पाद्री तेच धूमकेतू दुर्बिणीतून पाहत होता. भारतभूमीवर दुर्बीण आकाशाकडे रोखली गेल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. त्याचे वेध १६२० मध्ये युरोपात पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. आग्र्याची वाट आणि गोव्याचा किनारा या दोन्ही ठिकाणी १६१८ ची नोंद झाली. मधला दख्खनही त्याच आकाशाखाली होता.

आणि विज्ञान आले की भीती जाते, हेही खरे नाही. १९१० मध्ये हॅलीच्या शेपटीतून पृथ्वी जाणार होती. त्या वर्षी शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचे वर्णपटावरून कळले, कामील फ्लामारियाँ या नामवंत फ्रेंच ज्योतिर्विदाच्या नावाने वायूने जीवसृष्टी गुदमरेल अशी बातमी वर्तमानपत्रांत आली, आणि युरोप-अमेरिकेच्या सुशिक्षित शहरांत लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या. ती भीती प्रयोगशाळेतून निघाली होती. ती शमली कशाने? शेपटी किती विरळ असते, याच्या हिशेबाने.

३. ग्रहणाला ताम्रपट मिळाला

मग आपल्याकडे तारीख राखण्याची बुद्धीच नव्हती का? मुळीच तसे नाही. राष्ट्रकूटांचे, शिलाहारांचे, यादवांचे ताम्रपट आणि शिलालेख उघडले की सूर्यग्रहण किंवा चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दिलेल्या दानांची शक, संवत्सर, मास, तिथी, वार यांसह नोंद पानोपानी सापडते. १८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल आणि आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय कालगणनेवरचा ग्रंथ सिद्ध केला तो अशा तारखा पडताळून पाहण्यासाठीच. ग्रहण ताम्रपटावर गेले, कारण ग्रहणाला दान होते, दानाला जमीन होती, जमिनीला हक्क होता आणि हक्काला पुरावा लागत होता.

धूमकेतूला यांतले काही नव्हते. शिवाय आपली ज्योतिषपरंपरा गणिताची परंपरा आहे. पुढे काय घडणार ते ती आधी मांडते, आणि पंचांग हे तिचे फळ आहे. जे आधी मांडता येत नाही त्याला पंचांगात रकाना नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या केतुचार अध्यायात प्रांजळपणे सांगून टाकले आहे की केतूचा उदयास्त गणिताने कळत नाही. केतू १०१ आहेत असे कोणी म्हणतो, कोणी १००० म्हणतो, नारदमते तो एकच असून नाना रूपांनी दिसतो, हेही तो नोंदवतो. एकच धूमकेतू पुन्हा पुन्हा येतो, या कल्पनेच्या किती जवळ हे मत गेले होते! हॅलीने १७०५ मध्ये १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच असल्याचे मांडले, तेव्हा त्याच्यापाशी नारदापेक्षा जास्त काय होते? अपियन आणि केप्लर यांचे तारीखवार वेध आणि न्यूटनची पद्धत. आपल्याकडे प्रतिभा होती, वर्गीकरण होते, स्वतःच्या शास्त्राची मर्यादा कबूल करण्याचे धैर्यही होते. वेधांची वही मात्र नव्हती.

पूर्वजांवर हा अन्याय होतो, हस्तलिखिते वाळवीने आणि पावसाने नष्ट झाली असतील, असे कोणी म्हणेल. काही नक्कीच नष्ट झाली असतील. पण त्याच वाळवीतून आणि पावसातून ग्रहणे वाचली, कारण ती तांब्यावर कोरली गेली. समाज काय जपतो हे तो ते कशावर लिहितो यावरून कळते, आणि हा दोष व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे.

हीच ओढ आधुनिक काळातही दिसते. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी जेऊरला तळ ठोकला. हे जेऊर सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, नगरच्या कर्जतचा शेजार. ग्रहणाची वेळ आधी ठाऊक असते म्हणून सरंजाम जमतो. धूमकेतू न सांगता येतो. त्याच्यासाठी माणूस आधीपासून जागेवर असावा लागतो. तख्तसिंगजी वेधशाळा मात्र नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाइकनालला गेली.

४. तारीख लावली की अपशकुनाचे काय होते

तारखेचा दुसरा उपयोग असा की ती समजुतीला तपासणीपुढे उभे करते. नगरच्या इतिहासावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

चांदबिबीची हत्या आणि अहमदनगर किल्ल्याचा पाडाव १६०० मधला. युरोपात वेध घेतलेले त्या आसपासचे धूमकेतू १५९६ आणि १६०७ चे. १६३० ते १६३२ चा दुष्काळ हा निजामशाही मुलखावर कोसळलेला सर्वांत भीषण दुष्काळ. माणसे देशोधडीला लागली, गावे ओस पडली. १६१८ नंतर जगभर गाजलेला पुढचा धूमकेतू १६५२ चा. म्हणजे सर्वांत मोठा अनर्थ नेमका या दीर्घ शांततेत घडला. ३ मार्च १७०७ रोजी भिंगारच्या छावणीत औरंगजेब मरण पावला आणि साम्राज्याची घडी विस्कटली. त्या मृत्यूला कोणताही ख्यातनाम धूमकेतू साक्षी नव्हता. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तेव्हाही नव्हता. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही जिल्ह्यात आहेत. मोठा गाजावाजा झालेला कोहौटेक धूमकेतू सूर्याजवळ आला डिसेंबर १९७३ मध्ये, दुष्काळाचा कडेलोट होऊन गेल्यावर, आणि त्याने साऱ्या जगाची निराशा केली.

१७५९ चे साल तर डोळे उघडणारे आहे. मार्चमध्ये हॅलीचा धूमकेतू सूर्याजवळून गेला. तो परत येईल हे हॅलीने वर्तवल्यानंतरची ही पहिली फेरी. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला. निजामाच्या दृष्टीने अपशकुन म्हणावा तर पेशव्यांच्या दृष्टीने तो शुभशकुन होता. त्याला पानिपताशी जोडायचे तर जवळजवळ दोन वर्षे वाट पाहावी लागते. इथे समजुतीची खरी यंत्रणा उघडी पडते. नुसत्या डोळ्यांना दिसणारे धूमकेतू दर काही वर्षांनी येतातच. दोन-तीन वर्षांची सूट घेतली की कोणतेही संकट कोणत्या तरी धूमकेतूला बांधता येते. १८५८ च्या ऑक्टोबरात डोनातीचा धूमकेतू झळकला तेव्हा संगमनेर-सिन्नर पट्ट्यात भागोजी नाईकाच्या भिल्लांचे बंड आधीच एक वर्ष चालू होते. शकुन घटनेच्या मागून येऊ लागला तर तो शकुन कसला? ज्याच्यापाशी तारखा नाहीत त्याला हा प्रश्नच पडू शकत नाही. भीतीविरुद्ध व्याख्याने देण्यापेक्षा मुलांपुढे हा तारखांचा तक्ता ठेवणे अधिक परिणामकारक आहे, असे माझे ठाम मत आहे.

५. आता दुर्बिणी सगळे टिपतात, मग आपण कशाला?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. बहुतेक नवे धूमकेतू आज स्वयंचलित सर्वेक्षणे शोधतात. धूमकेतूला आपले नाव मिळवून देणाऱ्या वेणू बाप्पूंना तो १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना एका छायाचित्राच्या काचेवर सापडला. तसा योग आता हौशी निरीक्षकाला क्वचित येतो. हे मी मान्य करतो. पण शोध लागणे ही धूमकेतूच्या अभ्यासाची सुरुवात असते. तो पुढे कसा उजळला, कधी मंदावला, फुटला का, शेपटी कधी वळली, यासाठी रात्रीमागून रात्र, जगाच्या निरनिराळ्या रेखांशांवरून वेध लागतात. धूमकेतू तेजस्वी होतो तो सूर्याजवळ, म्हणजे संधिप्रकाशात क्षितिजालगत. महाकाय दुर्बिणींना तिथे पाहणे अवघड असते. तिथे साधी द्विनेत्री आणि सराव झालेला डोळा आजही कामाचा आहे.

रेखांशाचे महत्त्व २४ ऑक्टोबर २००७ रोजी दिसले. होम्सचा धूमकेतू दोन दिवसांहून कमी वेळात तेजाच्या सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीच्याही पुढे गेला, सुमारे पाच लाख पट उजळला. अशा उद्रेकाचा आलेख काढताना कोणत्या तासाला किती तेज होते हेच हवे असते, आणि जपान व युरोप यांच्या मधली रात्र भारतावर असते. वराहमिहिराची कबुली आजही अर्धी खरी आहे. धूमकेतू कुठे असेल हे सेकंदात सांगता येते, कसा दिसेल हे नाही. २०१३ चा आयसॉन शतकातला धूमकेतू ठरेल म्हणत होते; २८ नोव्हेंबरला तो सूर्याजवळ विस्कटून गेला. २०२४ चा त्सुचिनशान–ॲटलास फुटणार असे एका जाणत्या अभ्यासकाने जुलैमध्ये लिहिले होते. तो टिकला आणि १२ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला.

त्या आठवड्यात महाराष्ट्रातून त्याचे असंख्य फोटो काढले गेले आणि मोबाइलवरून फिरले. फिरता फिरता बहुतेकांची वेळ आणि ठिकाण गळून गेले. सभासदाच्या वाक्याचे जे झाले तेच या फोटोंचे होते आहे. पन्नास वर्षांनी कोणाला त्यांतून तेजाचा आलेख काढता येणार नाही.

६. नगरचे आकाश

अहिल्यानगर जिल्हा या कामाला विशेष अनुकूल आहे. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्या कोरड्या आकाशाने इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडवले, तेच निरीक्षकाला हवे असते. पश्चिमेला अकोल्यात १६४६ मीटरचे कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, रतनवाडीचा अंधार. पावसाळ्याचे चार महिने वगळता तिथून क्षितिजापर्यंत तारे दिसतात. १९ अंश अक्षांशावर संधिप्रकाश लवकर ओसरतो, त्यामुळे सूर्यालगतचा धूमकेतू युरोपपेक्षा अधिक काळोखात दिसतो. दक्षिणेकडचे सुमारे ७१ अंश क्रांतीपर्यंतचे आकाशही इथून उगवते. शेजारी खोडदला रेडिओ दुर्बीण, गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आणि पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मार्गदर्शन दूर नाही.

हे भांडवल आटतही आहे. औद्योगिक वसाहती, टोलनाके, ढाबे आणि गावोगावचे वर तोंड केलेले पांढरे एलईडी दिवे क्षितिजालगतचे आकाश आधी गिळतात, आणि धूमकेतू तिथेच असतो. २०२४ च्या जानेवारीत पेंचच्या जंगलाला भारतातले पहिले आंतरराष्ट्रीय काळोख-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. अकोले तालुक्यासाठी अशी मागणी ग्रामपंचायतींनी करावी. दिव्यांना खाली तोंड करणाऱ्या टोप्या बसवायला फार खर्च येत नाही.

नोंद कशी करायची हेही सांगतो, कारण आवाहन करून पद्धत न सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. तारीख, घड्याळातली वेळ, गाव. डोळ्यांनी, द्विनेत्रीने की दुर्बिणीने पाहिले ते. तेजासाठी ज्ञात प्रतीचे दोन-तीन तारे निवडायचे, दुर्बीण किंचित अस्पष्ट करून ताऱ्याचा ठिपका धूमकेतूच्या डोक्याएवढा फुगवायचा आणि मनात ठेवलेल्या तेजाशी ताडून पाहायचा. डोके किती दाट आहे ते ० ते ९ या श्रेणीत. शून्य म्हणजे सर्वत्र सारखे धूसर, नऊ म्हणजे ताऱ्यासारखे टोकदार. शेपटीची लांबी अंशांत. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. शेपटीची दिशा कोणत्या ताऱ्याकडे होती ते. ढग, चंद्र किंवा दिव्यांचा त्रास होता का. आणि धूमकेतू दिसला नाही तर तेही लिहायचे, कारण नकारार्थी वेधालाही किंमत असते. स्लोव्हेनियातल्या निरीक्षकांनी चालवलेल्या खुल्या संग्रहात जगातल्या कोणालाही असे वेध नोंदवता येतात.

जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांना आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की प्रयोगशाळेच्या कपाटात अशी एक वही आजच ठेवावी आणि शिक्षक बदलला तरी ती बदलू नये. हॅलीचा धूमकेतू २८ जुलै २०६१ रोजी सूर्याजवळ येईल, ऐन पावसाळ्यात. ढगांमधून मिळेल तेवढ्या फटीतून तो पाहावा लागेल, आणि तोवर वेध घेण्याची सवय लागलेली माणसे या जिल्ह्यात असायला हवीत. आज आठवीत असलेली मुले तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांच्या हाती वही आत्ताच द्या.